मानेपर्यंत भरलेला बुधला

त्रस्तेनिक,
२ जून

ती. येलेताईस,
धाकट्या व्लाहोचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक, फक्त माझं पोट आणि माझी झोप सोडून.

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र ईस्टरच्या आठवड्यात आलं. चुलीवरच्या फळीवर ठेवलं होतं आणि रोज येता-जाता बघत होतो. लिहायला बसलो की पुन्हा उठायचो, कारण तू एकच गोष्ट विचारली होतीस: बाल्डोच्या पोरीच्या लग्नाला जाणार की नाही. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे. जाणार आहे.

पोरीचं, देशाचं, लग्न बोटीवर आहे हे तुला कळलं असेलच. तिचा ओर्सात त्याच बोटीवर आचारी आहे, म्हणून घरच्यांना सवलत मिळाली. येत्या अकराला ग्रूझच्या धक्क्यावरून सुटायचं, बाहेर मोकळ्या समुद्रात कप्तान लग्न लावणार. पाद्रीबाबांनी तोंड वाकडं केलं, पण आधी चर्चमध्ये येऊन जा एवढ्यावर मानले. मी त्या बोटीचं चित्र पाहिलं. ताई, ती बोट नाही, कुणीतरी दुब्रोव्हनिकची एक अख्खी गल्ली उभी करून पाण्यात सोडली आहे. वारा आला तर ती आडवी होणार नाही कशावरून? ओर्सातला विचारलं तर म्हणाला, काका, तुम्ही आडवे व्हाल, बोट नाही होणार.

पण जायला तर हवंच, कारण मी देशाचा धर्मबाप. ती जन्मली त्या वर्षी आम्ही दोघा भावांनी, मी आणि बाल्डोने, गच्चीवर द्राक्षं वाळवली आणि तिच्या लग्नासाठी प्रोशेक गाळला. माझं तळघर जास्त थंड, म्हणून तो गोड वाइनचा बुधला माझ्याकडे राहिला. धर्मबापाने तो लग्नाच्या दिवशी स्वतःच्या हाताने, भरलेला, पोरीच्या हातात द्यायचा, ही आपली रीत. नंतर टाक्यावरच्या पाण्यावरून काय झालं ते तू पाहिलंस. माझे दोन दात गेले, बाल्डोचा अर्धा कान गेला. तेव्हापासून आमच्यात भिंत आहे आणि भिंतीवरून एक शब्दही गेला नाही. मी तर बुधला दारात ठेवून देणार होतो. पण देशाच भिंत ओलांडून आली आणि म्हणाली, काका, कान बाबांचा गेला, माझा प्रोशेक का जावा?

बोटीचा नियम असा, की मोठ्या माणसाला प्रत्येकी एक बाटली नेता येते, तीही हातात धरून आणि बूच घट्ट बंद असलेली. बूच सैल दिसलं की फेकून देतात. बुधला तर नेऊच देणार नाहीत. म्हणून मी बाटल्या भरायला काढल्या, आणि बघतो तर काय, बुधला मानेपर्यंत भरलेला नाही! खांद्याच्याही खाली उतरला होता. इतक्या वर्षांत वाइन बुचातून उडते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण बाल्डो काय म्हणेल? म्हणेल, व्लाहो बसून पीत होता. सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणेल. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. शेवटी टाक्याजवळच्या वेलींच्या ओळीचा गेल्या शरदातला प्रोशेक, माझा सगळ्यात चांगला, तोच वर घातला आणि काठोकाठ केला. मग बाटल्या भरल्या, बुचं ठोकली, लाल लाख लावली, वरून तार आवळली, कारण बोट हलणार. दक्षिणेचा यूगो वारा सुटलाय, हवा दमट, लाख लवकर वाळत नाही. अशा वाऱ्यात वाइनला हात लावू नये असं बाबा म्हणायचे, पण दिवस कुठे आहेत?

तुझा गुडघा कसा आहे? तू येत नाहीस याचं वाईट वाटतं. माझ्यावर लोभ आहे तेवढा राहू दे, माझ्या अकलेकडे बघून कमी करू नकोस.

तुझा,
व्लाहो

*

कोर्चुला,
८ जून

चि. व्लाहोस,
म्हाताऱ्या, तुला अनेक आशीर्वाद, त्यांची तुला गरज आहे.

तुझं पत्र आत्ता हातात पडलं आणि गुडघा विसरून मी उभी राहिले. अरे गाढवा, जुन्यात नवा घातलास? आणि वर बूच ठोकून तार आवळलीस? गेल्या शरदातला प्रोशेक मेलेला नसतो, झोपलेला असतो. थंडीत गप्प बसतो, उन्हाळा लागला की उठतो आणि फसफसायला लागतो. मातोकाकाच्या तळघरात बाटल्यांचा कसा बार उडाला होता ते आठवतं का? त्याचं गाढव एका कानाने बहिरं झालं आणि बायको म्हणाली, चला, घरात आता बहिरे दोघं झाले.

हे पत्र मिळताच सगळ्या तारा काढ, बुचं सैल कर आणि बाटल्या टाक्यात सोड. नाहीतर नेऊच नकोस. पोरीला दुसरं काही दे. बाल्डो काय म्हणेल याची काळजी सोड, तो तुला जन्मापासून काही ना काही म्हणतच आलाय. लहानपणी तुम्ही दोघं एका अंजिरावरून एकमेकांना चावलात तेव्हा मीच मध्ये पडले होते, माझ्या दंडावर अजून दोघांचे दात आहेत. आता मध्ये पडायला माझा गुडघा नाही.

शेजारचा नावाडी दुपारी तिकडे येतोय, त्याच्याकडेच पत्र देते. यूगो वाढला नाही तर उद्या तुला मिळेल. बोटीत चढताना दोन्ही हातांनी कठडा धर. माझी माया तुझ्यावर आहेच, ती पुरेल असं वाग.

येले

*

त्रस्तेनिक,
२१ जून

ती. येलेताईस,
साष्टांग नमस्कार. अक्षर डाव्या हाताचं आहे, लावून वाच. उजवा खांदा मोडलाय.

तुझं पत्र मला लग्नाचा दिवस उलटून गेल्यावर मिळालं. यूगोमुळे नावाडी निघालाच नव्हता. हात गळ्यात अडकवून मी ते वाचलं, आणि मग तसाच खाली जमिनीवर बसलो.

तुला कुणीकुणी काय काय सांगितलं असेल. खरं ते मी लिहितो.

ग्रूझच्या धक्क्यावर ऊन असं होतं की दगडावर अंडं तळावं. बोटीत जायची रांग हलत नव्हती. बाटल्यांचा लाकडी खोका माझ्या पायाशी, उन्हात. मी त्यावर माझा कोट टाकला होता, ऊन लागू नये म्हणून. आता वाटतं, ती तर शेगडीच झाली. फाटकावर एक धिप्पाड पहारेकरी होता. त्याने खोका उघडला, एक बाटली काढून सावलीत त्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला की ही तुमची, बाकीच्या तुमच्या माणसांत वाटून टाका, एकेकाने एकेक घ्या. नियमाने तो बरोबरच होता. पण मी धर्मबाप, ताई! धर्मबाप पोरीचा प्रोशेक रांगेत वाटत सुटत नाही, तो एका हातातून दुसऱ्या हातात जातो. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, आजोबा, मागे माणसं ताटकळलीत, नाटक नको. आणि खोक्याला हात घातला.

मीही घातला. त्याने ओढलं, मी ओढलं. त्याने मला कोपराने ढकललं, मी खाली बसलो. तेवढ्यात पुढून बाल्डो आला. लग्नाचा काळा सूट, छातीवर फूल. इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडे पाहिलं नव्हतं, तेव्हाही पाहिलं नाही. पहारेकऱ्याला म्हणाला की, त्या म्हाताऱ्याला हवं तेवढं ढकल, पण हा खोका माझ्या पोरीचा आहे, हात काढ. पहारेकऱ्याने काढला नाही. बाल्डोने त्याच्या नाकावर डोकं आपटलं. नाक मोडल्याचा आवाज मी खाली बसून ऐकला, सुकी काटकी मोडावी तसा. दुसरा पहारेकरी धावत आला आणि बाल्डोच्या पोटात लाथ घातली. मी उठलो आणि माझी काठी त्या दुसऱ्याच्या मानेवर हाणली. का हाणली ते मला विचारू नकोस. माझ्या भावाला लाथ मारायचा हक्क त्याचा नव्हता, एवढंच डोक्यात होतं.

बाल्डोने खोका उचलून छातीशी धरला, पोर धरावं तसा. आणि तेव्हा पहिली बाटली गेली.

बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. मग लगेच दुसरी, मग सगळ्याच. काच आणि तार आणि लाल लाख. बाल्डो उभाच होता, हात तसेच, पण हातांत खोका नव्हता, फळ्यांचे तुकडे होते, आणि चेहरा नुसता लाल. आमचा प्रोशेक काळसर, त्यामुळे रक्त कुठे संपतं तेही कळेना. धिप्पाड पहारेकऱ्याचा गाल दातांपर्यंत उघडा पडला होता. बाल्डोने डोळ्यावर हात नेला आणि काच धरून ओढायला लागला. मी ओरडलो की ओढू नको. कुणीतरी बॉम्ब म्हणून किंचाळलं. सगळी रांग पाण्याच्या बाजूला धावली, एक बाई धक्क्यावरून खाली पडली. माझ्यावर तिघं बसले, हात मागे नेऊन इतका पिळला की खांदा सुटला आणि हाड कडकन गेलं. जमिनीला गाल लागलेला असताना मला एवढंच दिसलं, की देशा लग्नाचा पोशाख खांद्यावर टाकून धावत आली आणि सँडलच्या टाचेने माझ्यावर बसलेल्यांच्या डोक्यात मारत सुटली. पांढऱ्या पोशाखावर तिच्या बापाचे थेंब पडले होते. ओर्सात आचाऱ्याच्या टोपीतच शिडी उतरून आला. त्याला वरून कुणीतरी बजावलं की उतरलास तर परत चढू नकोस. तो उतरला. बोट दुपारी त्यांना न घेता गेली.

पोलिसांनी मला चौकशी करून घरी पाठवलं. खोक्यात वाइनशिवाय काही नव्हतं हे त्यांना कळलंय. काठी मारल्याचा खटला होईल तो होईल. पण ताई, त्यांनी विचारलं की तुमचं आधीचं वैर आहे का. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि ते माझ्या दातांच्या खिंडीकडे बघत बसले.

आणि हे सगळ्यात वाईट. टाक्यावरच्या भांडणात मी सगळ्या गावासमोर बाल्डोला ओरडून सांगितलं होतं की एक दिवस तुझे डोळे फोडीन. तो रागाचा शब्द होता. पण गाव काही विसरत नाही. बाल्डोने इस्पितळातून जबाब दिलाय की व्लाहोला सगळं ठाऊक होतं, जन्मभर वाइन करणाऱ्याला हे कळत नाही होय, त्याने बाटल्या मुद्दाम तशा भरल्या आणि माझ्या हातात येऊ दिल्या. आता माझ्या दारावर कुणीतरी मेलेला साप टांगून गेलं. बेकरीतली बाई माझ्या हातात पाव देत नाही, फळीवर ठेवते.

तुरुंगाची भीती आहे, नाही कशी म्हणू. पण तुरुंगापेक्षा जास्त हे, की माझा भाऊ एका डोळ्याने छताकडे बघत असं समजतोय की मी हे केलं. तू जा ताई. गुडघ्याला फडकं बांध, पण जा. त्याला सांग की तो म्हणेल मी प्यायलो, एवढ्याच भीतीने मी वर घातला. माझ्यावर माया असेल तर आता दाखव.

तुझा,
व्लाहो

*

कोर्चुला,
२९ जून

चि. व्लाहोस,
आशीर्वाद. खांद्याला ऑलिव्हचं तेल लाव आणि रडणं थांबव, अक्षरावर पाणी पडलंय.

जाऊन आले. डोळा गेला. तो वाचेल असं मीही मनात धरून गेले होते, पण नाही. डावा. चेहऱ्यावर इतके टाके आहेत की कुणीतरी फाटलेलं जाळं शिवलंय असं वाटतं. तुझं नाव काढलं आणि त्याने पाण्याचं भांडं मला फेकून मारलं. नेम चुकला. एका डोळ्याने नेम धरायची अजून सवय नाही. मग म्हणाला की बरा झालो की पहिल्यांदा व्लाहोच्या घरी जाणार, आणि तेव्हा कान नाही, मान. परिचारिका आली, तिलाही शिवी दिली. मी खुर्ची ओढली आणि बसले. मला काय, मी तुम्हाला दोघांना आंघोळी घातल्यात.

तू लिहिलेलं सगळं मी त्याला सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. वाटलं ऐकतच नाही. मग भिंतीलाच विचारल्यासारखं म्हणाला की, वर घातला तो कोणता?

मी म्हटलं, टाक्याजवळच्या ओळीचा.

तो वळला. म्हणाला, खरंच? त्या ओळीचा? मी म्हटलं, त्याने तसंच लिहिलंय, सगळ्यात चांगला म्हणून. आणि व्लाहो, तो हसायला लागला. आधी मला वाटलं कळ आली. हसता हसता गालाचा एक टाका तुटला, उशीवर रक्त आलं, तरी थांबेना. म्हणाला की, दोन बादल्या पाण्यासाठी ज्याने माझा कान कापला, तो चिक्कू मला मारायला टाक्याजवळच्या ओळीचा प्रोशेक वाया घालवेल? त्याला मारायचंच असतं तर धोंडा घेतला असता. धोंडा फुकट असतो!

दुसऱ्या दिवशी पोलिसांना बोलावून त्याने जबाब बदलला. त्यांनी कारण विचारलं तर म्हणाला, माझा भाऊ मूर्ख आहे, लिहून घ्या.

पण त्याने माफ केलं असं समजू नकोस. डोळ्याचा हिशेब आहे, तो मी सोडणार नाही, असं त्याने मला निघताना सांगितलं. पहारेकऱ्याने टेबलावर ठेवलेली ती एक बाटली फुटली नव्हती. पोलिसांनी ती देशाला परत दिली आहे. बाल्डो तिच्याबद्दल काहीतरी ठरवून बसलाय आणि मला सांगत नाही. त्याच्या उरलेल्या डोळ्यात जे दिसलं ते मला आवडलं नाही. जपून राहा. दोघांवर माझा जीव आहे, अर्धा अर्धा करून मला तोडू नका.

येले

*

त्रस्तेनिक,
९ जुलै

ती. येलेताईस,
साष्टांग नमस्कार. डाव्या हाताला आता जरा सवय झाली.

बाल्डो घरी आला. आला त्याच दिवशी भिंतीपाशी उभा राहून त्याने मला हाक मारली. इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून माझं नाव ऐकलं. डोळ्यावर काळी पट्टी. मी जवळ गेलो, नमस्कार म्हणायला तोंड उघडलं, आणि त्याने भिंतीवरून माझ्या तोंडावर एक ठोसा दिला. मी खाली गेलो, तिसरा दात हातात आला. तो म्हणाला की हा डोळ्याचा नाही, हा इतकी वर्षं गप्प बसल्याचा. मग रक्त पुसायला स्वतःचा रुमाल दिला. मी म्हटलं, गप्प तूही होतास. तो म्हणाला, म्हणून तर रुमाल दिला.

मग डोळ्याचं सांगितलं. लग्न सतरा तारखेला, रविवारी, त्यांच्या अंगणात आहे, पाद्रीबाबांच्या हातून. पाहुण्यांच्या समोर मी ती उरलेली बाटली छातीशी धरायची, फडकं न गुंडाळता, तोंड न फिरवता, आणि हाताने तार उलगडायची. फुटली तर हिशेब मिटला. नाही फुटली तर पहिला घोट देशाचा, दुसरा माझा, आणि त्यानंतर भिंतीतले दगड काढून ये-जा करायला वाट करायची. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

बाटली टाक्यात दोरीने सोडली आहे, त्याच टाक्यात. मी रोज दोरी वर घेऊन बघतो. थंडाव्याने ती गप्प असेल असं वाटलं होतं, पण बूच तारेला टेकलंय, आणि लाखेला भेग गेलीय. आत कुणीतरी दाराला खांदा लावून उभं आहे असं दिसतं. काल दुपारी सगळे झोपले असताना मी पोती शिवायची सुई घेऊन गेलो. बुचात एकदा टोचलं की थोड्या फेसाबरोबर आतला जोर निघून जाईल, आणि कुणाला कळणारही नाही. सुई बुचाला लावली. मग माझ्या मनात आलं, की ही तीच बाटली आहे जी कमी दिसू नये म्हणून मी हे सगळं केलं. कमी करून द्यायची होती तर मुळात वर घातलंच कशाला? भरून द्यायची म्हटली होती, भरलेलीच देईन. सुई खिशात घातली आणि बाटली परत पाण्यात सोडली.

पण आज सकाळी देशा आली आणि म्हणाली की तार उलगडताना पेला धरून मी तुमच्यासमोर उभी राहणार. मी ओरडलो, हात जोडले, बाल्डोकडे गेलो. बाल्डोही ओरडला, त्याने टेबल उलटलं, आम्ही दोघं भाऊ पहिल्यांदा एका बाजूने ओरडलो. ती म्हणते की धर्मबाप देतो तेव्हा घेणारी समोर असते, रीत तुमचीच आहे, मी काही बोटीतून आणली नाही. बापासारखीच आहे, डोकं आपटेल पण हलणार नाही.

म्हणून ताई, माझं एक काम कर. आमचे तोमोभावोजी गोदीत वेल्डिंग करताना घालायचे तो जाड काचांचा चष्मा तुझ्या दारामागच्या खिळ्याला आहे ना? त्यांच्यानंतर तू तो हलवला नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून मागायला जीभ रेटत नाही. पण तो पाठव. मला नको. मी घातला तर बाल्डो म्हणेल तोंड लपवलं, आणि माझे दोन्ही डोळे या सगळ्यानंतर काय मोठे कामाचे आहेत. तो देशाला हवा. काळ्या काचेतून तिला मी दिसणार नाही, पण पेला पुढे धरायला दिसायची गरज नाही, मी तिचा हात धरीन. पट्टा तुटला असेल तर तसाच दे, मी दोरी बांधीन.

दक्षिणेकडे ढग जमायला लागलेत. यूगो सुटला तर नावाडी पुन्हा निघणार नाही, आणि मागच्या वेळेसारखं व्हायला नको. जमलं तर चष्म्याबरोबर तूही ये. हे पत्र मिळालं की त्याच बोटीने दोन ओळी तरी लिही, पाठवतेस की नाही तेवढंच. तुझ्या मायेवर अजून विसंबून असलेल्या धाकट्याला वाट बघायला लावू नकोस. लवकर कळव.

तुझा,
व्लाहो